बर्फाच्या गांवची पडवी

जपानचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत दोन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक चेरीच्या बहराचें आणि दुसरें फूजी पर्वताचें. तीं खोटीं नव्हेत. परंतु ज्या गांवीं आम्ही २०२२ सालच्या एप्रिलपासून मुलांना इंग्रजी शिकवीत आहों, तेथून फूजी दिसत नाहीं. आणि चेरीचा बहर नांवाजलेला असला तरी तो आठ-दहा दिवसांचा पाहुणा. मुक्काम ठोकून बसतो तो बर्फ. डिसेंबरापासून मार्चपर्यंत या गांवांत काय खावें, केव्हां उठावें, कोणत्या वाटेनें जावें आणि शेजाऱ्याशीं कसें वागावें, हें सारें तोच ठरवितो. त्यांतील शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा ऐसपैस लिहीत आहों.

गांवाचें नांव तकादा. निईगाता प्रांतांत, जपानच्या समुद्राच्या बाजूस तें वसलें आहे. १९७१ सालीं तकादा व शेजारचें नाओएत्सु बंदर एक होऊन जोएत्सु नांवाचें शहर झालें; तथापि जुनीं माणसें अजूनही तकादाच म्हणतात, आणि आम्हीही म्हणतों. नकाशांत पाहिलें तर हें स्थळ आपल्या श्रीनगरहून फार उत्तरेस नाहीं, आणि भर जानेवारींतसुद्धां पारा बहुधा शून्याच्या आसपासच घुटमळतो. मग एवढा बर्फ येतो कोठून? सैबेरियांतून निघालेला कोरडा वारा समुद्र ओलांडतांना तेथील ऊनशा प्रवाहाची वाफ पोटांत भरून घेतो, आणि गांवामागील डोंगरांस थडकला कीं ती सारी बर्फाच्या रूपानें खालीं ओततो. सह्याद्रीवर मोसमी ढग रिते होतात तसाच हा प्रकार. त्याची वर्दीही मेघगर्जनेनें येते. हिंवाळ्याच्या तोंडावर एखाद्या रात्रीं कडकडाट होतो. त्यास येथें 'युकि-ओकोशि', म्हणजे बर्फाला जागें करणारी गर्जना, म्हणतात. गडगडाट झाला म्हणजे मृग आला, एवढेंच ठाऊक असलेल्या आमच्या कानांना पहिल्या वर्षीं मोठें नवल वाटलें.

२६ फेब्रुवारी १९४५ रोजीं येथें ३७७ सेंटिमीटर, म्हणजे बारा फुटांहून अधिक, बर्फाचा थर मोजला गेला. जुन्या काळीं सारें गांवच गडप झालें असतां वाटसरूंस कळावें म्हणून 'याच्या खालीं तकादा आहे' अशी पाटी बर्फांत रोवीत, अशी एक आख्यायिका येथें मोठ्या अभिमानानें सांगतात.

अशा गांवांत माणसें चालतात कशीं? याचें उत्तर 'गांगी'. जुन्या पेठांतून घरें रस्त्याच्या कडेनें एकमेकांस चिकटून उभीं असतात, आणि प्रत्येक घराचें छप्पर पुढें ओढून खांबांवर टेकविलेलें असतें. कोंकणी घराची पडवीच म्हणा ना! फरक इतकाच कीं आपली पडवी आपल्यापुरती. येथें पडवीला पडवी लागून पेठेच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक झांकलेली वाट तयार होते. बाहेर पुरुषभर बर्फ असला तरी तिच्याखालून माणूस कोरड्या पायांनीं बाजारहाट करून येतो. तकादांतील या वाटांची एकंदर लांबी सुमारें १६ किलोमीटर भरते. विशेष हें कीं ही वाट सरकारी नव्हे. जमीन घरमालकाची, खांब त्याचे, छप्पर त्याचें, दुरुस्तीचा भारही मुख्यतः त्याच्यावर. आणि चालण्याची मुभा मात्र येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्यांस. हातभर बोळासाठीं दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे भाऊबंद आम्हीं आपल्याकडे पाहिले आहेत. त्यामुळें ही रीत प्रथम ऐकली तेव्हां यांत कांहीं तरी गोम असेल असेंच आम्हांस वाटलें. गोम नव्हती. बर्फ सर्वांच्या दारांत सारखाच पडतो, एवढेंच तिचें कारण.

परंतु या वाटेला आतां भोंकें पडूं लागलीं आहेत. मुलें तोक्योस जातात, म्हातारीं माणसें मागें राहतात, तींही गेलीं कीं घर ओस पडतें. ओस घराच्या छपरावरील बर्फ कोण उतरविणार? दोन-चार हिंवाळ्यांत वासे खचतात, मग घर पाडतात, आणि घराबरोबर त्याची पडवीही जाते. ओळींतील एक दांत पडावा तशी तेथें मोकळी जागा उरते. झांकल्या वाटेनें आलेला माणूस तेथें एकदम उघड्यावर येतो आणि बर्फाचा ढीग चढून पलीकडच्या पडवींत उतरतो. आमच्या बिऱ्हाडापासून तिसरें घर गेल्या शरदांत असेंच पाडलें गेलें. सहा-सात पावलांचीच जागा; पण शाळेचीं पंचवीस-तीस मुलें तिच्यावरूनच जातात.

त्या मोकळ्या जागेला लागून एक आजी राहतात. वय चौऱ्यायशीं, यजमान वारल्यास बारा वर्षें झालीं, एकुलता मुलगा तोक्योंत नोकरीस. आम्ही त्यांस 'ओबाचान' म्हणतों, त्या आम्हांस 'सेन्सेई' म्हणतात; म्हणजे नातें आजी-नातवाचें असलें तरी मान गुरुजींचा. पहाटे तीन-साडेतीनला बर्फ ढकलणारें यंत्र घरघरत रस्त्यानें जातें. त्यानंतर तासाभरानें आजींच्या घमेल्याचा खर्र-खर्र आवाज सुरू होतो. दांड्याचें, पुढें लोटावयाचें तें एक अजस्र घमेलें असतें; 'मामासान-डंप' असें त्याचें नांव, म्हणजे आईसाहेबांचें घमेलें. नांव ठेवणाऱ्यानें बर्फ काढण्याचें काम घरांत कोणाच्या वाट्यास येतें, हें बरोबर हेरलें होतें. आजी आपल्या दारापुढील बर्फ काढीत, आणि मग कोणीं न सांगतां त्या मोकळ्या जागेंतूनही मुलांपुरती वाट कापून ठेवीत. जागेचा मालक दूर कोठें राहतो. तेव्हां हें काम कोणाचेंच नव्हतें. आम्ही मदतीस गेलों तर म्हणत, "तुम्हांला शाळा आहे, सेन्सेई. मला काय आहे?" तरी आठवड्यांतून तीन दिवस तें घमेलें आम्ही त्यांच्या हातून काढून घेत असूं.

आतां घराविषयीं. बाहेर एवढा बर्फ म्हणजे घरांत सर्वत्र ऊब असेल, अशी आपल्याकडील समजूत. नव्या घरांची गोष्ट वेगळी. पण आमचें बिऱ्हाड जुन्या लांकडी घरांत आहे, आणि जुनें जपानी घर उन्हाळ्यासाठीं बांधलेलें असतें. नोव्हेंबरांत खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकतात. कोंकणांत मृगापूर्वीं पडवीला झांप बांधतात तेंच हें. त्यानंतर चार महिने घरांत दिवसाही दिवा. तरीही फटींतून वारा येतोच. यावर इकडील तोड अशी कीं घर तापवावयाचें नाहीं, माणूस तापवावयाचा. 'कोतात्सु' म्हणून एक बुटकें मेज असतें. त्याच्या पोटांत विजेची शेगडी आणि चहूंबाजूंनीं जमिनीपर्यंत लोळणारी रजई. तिच्यांत पाय घालून बसलें कीं कंबरेखालीं वैशाख आणि कंबरेवर पौष. घरांतील साऱ्यांचे पाय त्या एका रजईखालीं येतात. तेव्हां रुसून दुसऱ्या खोलींत जाऊन बसण्याची सोय उरत नाहीं. एकत्र कुटुंबांत अशी एक रजई असती तर पुष्कळ चुली वेगळ्या होण्याच्या वांचल्या असत्या.

एरव्हीं घासलेटाची शेगडी असते. अठरा लिटरांचा तांबडा डबा आठवड्यास एक. शेगडीवर किटली सतत कढत असते, आणि संध्याकाळीं तिच्याच पाण्यानें अंथरुणांत ठेवावयाची गरम पाण्याची पिशवी भरतात. कडक रात्रीं निजण्यापूर्वीं नळांतील पाणी काढून टाकावें लागतें, नाहीं तर तें गोठून नळच फुटतो. न्हाणीघराची रीत मात्र आमच्या आजीस फार पटली असती. आधीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें आणि मग कढत पाण्याच्या टांकींत गळ्यापर्यंत बसावयाचें. तेंच पाणी घरांतल्या एकामागून एक सर्वांनीं वापरावयाचें, म्हणून त्यांत साबणाचा थेंबही पडतां कामा नये.

जेवणाचें सांगावयाचें तर शाकाहारी माणसाची परीक्षा भाजींत नसते, पाण्यांत असते. वाळविलेल्या माशाच्या काढ्यावांचून येथें साधें सूपही होत नाहीं. शाळेंत शिक्षक व मुलें एकच जेवण एकत्र जेवतात. त्यांतला भात व दूध आम्ही घेतों आणि भाजी घरून नेतों. तक्रार नाहीं, निईगाताचा भात खाल्ल्यावर तो नुसता जातो. शिवाय या दिवसांत बर्फाखालीं पुरून ठेवलेलीं गाजरें बाजारांत येतात, तीं इतकीं गोड असतात कीं हलव्याला साखर निम्म्यानें कमी लागते.

शाळा सव्वाआठाला भरते. दारांत बूट काढून आंतले जोडे घालावयाचे, शिक्षकांच्या सामाईक खोलींत सर्वांस वांकून नमस्कार करावयाचा, उभ्याउभ्यानें सकाळची सभा. वर्गांत ऊब असते. व्हरांड्यांत व जिन्यांत अजिबात नाहीं. दुपारीं जेवणानंतर मुलें स्वतः शाळा झाडतात, फडक्यानें जमीन पुसतात. त्या गार पाण्यांत तांबडे झालेले त्यांचे हात पाहून पहिल्या वर्षीं आमचा जीव कळवळला. पण तीं गाणीं म्हणत पुसतात, आणि शिक्षकही शेजारीं फडकें घेऊन बसतात.

आमचें काम साहाय्यक शिक्षकाचें. मुख्य शिक्षक धडा घेतात, आम्ही मुलांना बोलतें करतों. इंग्रजींत पहिला प्रश्न हवेचा असतो. "आज हवा कशी आहे?" या प्रश्नाला डिसेंबरापासून मार्चपर्यंत वर्गांतून एकच उत्तर येतें, आणि तेंही खिडकीकडे न पाहतां. एके दिवशीं एक मुलगी म्हणाली, "सेन्सेई, बर्फ पडतो आहे हें उत्तर नव्हे. कसला पडतो आहे हें इंग्रजींत कसें सांगूं?" मग तिनें फळ्यावर नांवें लिहिलीं, मोठ्या पाकळ्यांचा तो 'बोतान-युकि', पिठासारखा तो 'कोना-युकि', पाऊस मिसळलेला तो 'मिझोरे', साबुदाण्यासारखा टणटणीत तो 'आरारे'. "तुमच्या भाषेंत किती आहेत?" मराठींत आकाशांतून पडणारा आणि कपाटांतल्या भांड्यांत जमणारा, दोहोंना 'बर्फ'च म्हणतात, हें ऐकून वर्गाला आमची कींव आली. आम्हीं लागलीच झिमझिम, रिपरिप, संततधार आणि मुसळधार यांची फौज उभी केली, तेव्हां कोठें मराठीची अब्रू राहिली.

या गांवीं हिंवाळ्यांत शिकविण्यास आलेला परदेशी मनुष्य म्हणून आमची एका फार थोर पूर्वसूरीशीं थट्टेनें तुलना होते. मेजर थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानें १२ जानेवारी १९११ रोजीं तकादाच्या पलटणींतील अधिकाऱ्यांस बर्फावरून स्की घालून घसरत जाण्याची विद्या शिकविण्यास प्रारंभ केला. जपानांतील स्कीचा इतिहास तेथून मोजतात. तत्पूर्वीं नऊ वर्षें, १९०२ सालीं, उत्तरेकडील हाक्कोदा डोंगरांत २१० जणांची एक लष्करी तुकडी बर्फांत वाट चुकली आणि तींतील १९९ जण मृत्युमुखीं पडले होते. तेव्हां अशा विद्येची गरज लष्करास पटलेलीच होती. लेर्खांचा पुतळा गांवालगतच्या कानाया टेकडीवर आहे, हातांत एकच लांब काठी घेतलेला. आमच्या हातीं घमेलें आहे, एवढाच काय तो फरक, असें मुख्याध्यापक म्हणतात.

जानेवारीच्या मध्यास संक्रांत येते. घरून आलेल्या तिळगुळाची एकेक वडी आम्हीं शिक्षकांच्या प्रत्येक मेजावर ठेवली. येथें कोणी प्रवासाहून आला कीं असाच खाऊ सर्वांच्या मेजांवर ठेवतो. त्यामुळें रीत कोणास नवी वाटली नाहीं, आणि तीळ तर जपानी स्वयंपाकांतला घरचाच. "गोड बोला" याचा अर्थ सांगितला तेव्हां गणिताचे शिक्षक गंभीरपणें म्हणाले, "परीक्षेच्या दिवसांत हें कठीण आहे." तिसरीचे, म्हणजे आपल्या नववीच्या वयाचे, विद्यार्थी त्या दिवसांत पुढल्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसावयाचे असतात, आणि त्यांच्यासमोर 'घसरणें' व 'पडणें' हीं दोन क्रियापदें घरांत कोणी उच्चारीत नाहीं, जपानींत त्यांचा दुसरा अर्थ नापास होणें असा आहे. रस्त्यावर पावलोपावलीं माणसें घसरून पडत असतां हा नियम पाळणें हीच एक परीक्षा आहे. "जपून जा, रस्ता जरा... निसरडा... नव्हे, चकचकीत आहे," असें एका आईला दारांत अडखळतांना आम्हीं स्वतः ऐकलें.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशींची गोष्ट. रात्रभर बर्फ पडला होता. पहाटे यंत्र गेलें. घमेल्याचा आवाज आला नाहीं. साडेसहाला आम्ही बाहेर आलों तों आजींच्या पडवीच्या कडेला व त्या मोकळ्या जागेंत गुडघाभर बर्फ जसाच्या तसा, एकही पाऊल न उमटलेला. पलीकडचे तांदळाचे दुकानदार त्याच वेळीं दार उघडून त्याकडेच पाहत होते. दोघेही कांहीं न बोलतां आजींच्या दाराशीं गेलों. हांका मारल्या, उत्तर नाहीं. दार येथील रीतीप्रमाणें नुसतें लोटलेलें. आजी कोतात्सुजवळ आडव्या होत्या, अंगांत फणफणून ताप, शेगडी विझलेली. दुकानदारांनीं ११९ क्रमांक फिरविला. गाडी येण्यास बर्फामुळें वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही त्यांचे पाय चोळीत बसलों. फुफ्फुसाचा दाह निघाला. आणखी एक दिवस गेला असता तर, असें डॉक्टरांनीं अर्धेंच बोलून सोडून दिलें.

त्या आठवड्यांत मोकळ्या जागेचा प्रश्न आला. पहिल्या दिवशीं आम्ही एकट्यानेंच वाट कापली. ओला बर्फ किती जड असतो आणि चौऱ्यायशींव्या वर्षीं तो रोज उचलणें म्हणजे काय, हें तेव्हां पाठीला समजलें. दुसऱ्या दिवशीं तांदूळवाले आले. तिसऱ्या दिवशीं आम्ही पोहोंचण्यापूर्वींच परीक्षेला बसणारीं चार मुलें फावडीं घेऊन तेथें होतीं. त्यांना घरीं जाऊन अभ्यास करा म्हणून सांगितलें, तर त्यांतला एक म्हणाला, "आजींनीं वाट काढली म्हणून आम्ही तीन महिने इथें एकदांही..." आणि तो थांबला. तें क्रियापद उच्चारावयाचें नव्हतें.

दोन आठवड्यांनीं आजी घरीं आल्या. एका संध्याकाळीं कोतात्सुंत पाय घालून आम्ही संत्रीं सोलीत बसलों असतां त्यांनीं विचारलें, "तुमच्या आई तिकडे एकट्याच असतात म्हणालां होतां. त्यांच्या दारांतला बर्फ कोण काढतो?"

"आमच्याकडे बर्फ पडत नाहीं, आजी."

त्यांनीं बराच वेळ विचार केला. "मग त्या सकाळीं उठल्या कीं नाहीं, हें शेजाऱ्यांस कळतें कसें?"

हा प्रश्न आम्हांस कधींच सुचला नव्हता. गुहागरच्या घरीं आमच्या मातोश्री एकट्या राहतात; बंधु पुण्यास, आम्ही येथें. पुण्यास चला म्हटलें तर आगरांतल्या पोफळींस पाणी कोण लावील, हें त्यांचें ठरलेलें उत्तर. आम्हीं आजींस सांगितलें कीं आमच्याकडे पहाटे दारापुढें अंगण झाडून सडा घालतात आणि चार बोटें रांगोळी काढतात. ती दिसली नाहीं तर समोरच्या काकू हांक मारतील. "तेंच तें," आजी म्हणाल्या, आणि संत्र्याची फोड आमच्या हातावर ठेवली. त्या रविवारीं दूरध्वनीवर आम्हीं काकूंचा क्रमांक मागून घेतला. मातोश्रींनीं कारण विचारलें नाहीं.

फेब्रुवारीच्या अखेरीस आजींचे चिरंजीव आले. मनुष्य सालस, बोलण्यांत अतिशय अदब. तोक्योंतल्या घरांत खोली तयार आहे, आईनें पुढल्या हिंवाळ्यापूर्वीं यावें, असें त्यांचें म्हणणें. आणि जें झालें त्यानंतर त्यांस कोण दोष देईल? घर ठेवून काय करावयाचें? ओस ठेवलें तर बर्फ तें खालीं आणील, पाडलें तर सहा-सात पावलांची मोकळी जागा दुप्पट होईल, आणि तिच्या पुढें आमचें बिऱ्हाड. आजी त्यांचें सारें ऐकून घेतात, "खरें आहे, खरें आहे," म्हणतात, आणि होय किंवा नाहीं कांहींच म्हणत नाहींत. आम्हांस विचाराल तर दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच आम्हीं अद्यापि तोंड उघडलेलें नाहीं.

खिडकीवरच्या फळ्या काल उतरल्या. चार महिन्यांनीं खोलींत ऊन आलें, आणि त्यांत भिंतींवरची ओल व कोपऱ्यांतलें जाळें दोन्ही दिसलीं. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून आहेत. परीक्षेचा निकाल लागला. ते चौघेही उत्तीर्ण झाले. आज शाळेंतून येतांना आजी पडवीचा पुढचा खांब हातानें चांचपून पाहत होत्या. बुडाशीं लांकूड मऊ झालें आहे म्हणाल्या. सुताराला एप्रिलांत बोलावलें आहे. "बदलावयाचा का, हें त्यानें बघून सांगूं दे," एवढेंच बोलून त्या आंत गेल्या, आणि जातां जातां घमेलें कोरडें पुसून भिंतीशीं उभें करून ठेवलें.